रेफरी नसलेला फुटबॉल: डबल ड्रॅगनसाठी घेतला आणि भलत्याच खेळात अडकलो

सातपूर_एक्सप्रेस
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, जुन्या खेळांचा एक संच सेलमध्ये घेतला. 'डबल ड्रॅगन अँड कुनिओ-कुन रेट्रो ब्रॉलर बंडल' असं आगगाडीएवढं नाव. २०२० मध्ये स्विच, पीएस४ वगैरे टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांवर आलेला, एकूण १८ खेळ. मला हवे होते त्यातले तीनच, म्हणजे मारामारीचे तिन्ही डबल ड्रॅगन. लहानपणी हे दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या टीव्हीवर, पाळी येईल तसे खेळलो होतो. आता स्वतःच्या सोफ्यावर बसून, कुणी हातातून कंट्रोलर न हिसकावता खेळायचे, एवढीच इच्छा होती. ती पहिल्या संध्याकाळीच भागली. खड्ड्यात पडून मरायचो, अजूनही तिथेच मरतो.

मग यादी उगाच खाली सरकवत होतो तेव्हा एक फुटबॉल दिसला. 'नेक्केत्सु हायस्कूल डॉजबॉल क्लब: सॉकर स्टोरी'. म्हटलं, डॉजबॉल (चेंडू फेकून समोरच्याला बाद करायचा तो) की फुटबॉल, काय ते एक ठरवा. जेवायला हाक येईपर्यंत पाच मिनिटं बघू म्हणून लावला, तर संगीत सुरू झाल्या झाल्या अंगावर काटा आला. हा तर आमच्या कॅसेटमधला 'वर्ल्ड कप'! तेच चौकोनी चेहरे, त्याच जाड भुवया, मार बसल्यावर तेच वेडंवाकडं तोंड.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: गोलकीपर धरून एका बाजूला ६ जण. रेफरी नाही, ऑफसाइड नाही, फाउल तर नाहीच नाही. समोरच्याला धडक मारा, पायात घसरा, तो आडवा होतो आणि उठतो. असं बऱ्याचदा झालं की मग उठतच नाही. मैदानात पसरलेला राहतो आणि खेळ त्याच्या आजूबाजूने चालू. हे लहानपणी खूप विनोदी वाटायचं. खोटं कशाला बोलू, आजही वाटतं.

पण या वेळी मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. यात सगळा संघ आपल्या हातात नसतो. एकच गडी आपला, बाकीचे आपापल्या डोक्याने पळतात. चेंडू त्यांच्याकडे असला की आपलं बटण म्हणजे लाथ नव्हे, हाक. एका बटणाने 'पास दे', दुसऱ्याने 'मार'. आणि तो ऐकतो, पण जरा स्वतःच्या सोयीने. 'फिफा'सारख्या फुटबॉल गेममध्ये चेंडू ज्याच्याकडे, तो मी. पास दिला की मी इकडून उडी मारून तिकडच्या माणसात शिरतो. इथे मी मीच. चेंडू नसतानाही मलाच पळायचंय, मोकळी जागा मलाच शोधायचीय आणि सारखं ओरडायचंय.

आमच्या कॉलनीतला फुटबॉल अगदी असाच होता हो. अर्धा वेळ 'टाक ना, टाक!' म्हणण्यात जायचा आणि टाकायचा नाही कुणीच. ३५ वर्षांपूर्वीच्या खेळात ते नेमकं सापडेल असं वाटलं नव्हतं. चार दिवस झाले, डबल ड्रॅगन उघडलेला नाही.

एक शंका आहे. आमच्या कॅसेटमध्ये देश होते, इथे जपानी शाळा आहेत. मी दोन खेळांची भेळ करतोय की कसं?


कट्ट्यावरचा_बंड्या
शनिवार, रात्री ११:५८

कॅमेरून!!! आमचा संघ कायम कॅमेरून. यादीत भारत नव्हताच, मग ज्यांनी अर्जेंटिनाला पाडलं ते आपले, असा सरळ हिशोब. भावाने ब्राझील घेतलं की मी कॅमेरून.

आमच्या कॅसेटवर मारिओचं चित्र होतं आणि आत मारिओ सोडून सगळं होतं. वर 'लाखात एक' म्हणतात तसं लाखो खेळ लिहिलेले, आत मोजून वीस. तेच पुन्हा पुन्हा.


जुनाट_चिप
रविवार, सकाळी ७:१५

धागाकर्ते, भेळ नाही, दोन्ही खेळ एकच आहेत.

मूळ खेळ जपानचा, टेक्नोस जपान या कंपनीचा, १९९० चा, फॅमिकॉमसाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या घरी खेळायच्या यंत्रासाठी. कुनिओ हा त्यांचा नायक. १९८६ मध्ये नाक्यावरच्या आर्केड यंत्रात तो पहिल्यांदा आला, तेव्हा काम एकच: शाळेचा पांढरा गणवेश घालून मारामाऱ्या. तो खेळ योशिहिसा किशिमोतो यांनी स्वतःच्या शाळेतल्या दिवसांतल्या मारामाऱ्यांवरून रचला होता, आणि नायकाला नाव दिलं कंपनीच्या अध्यक्षांचं, कुनिओ ताकी. साहेबांच्या नावाचा गुंड काढायचा म्हणजे छाती लागते. पुढच्याच वर्षी त्याच किशिमोतोंनी डबल ड्रॅगन केला. म्हणजे तुमच्या संचातले ते १८ खेळ एकाच घरातले आहेत, कुणीतरी उगाच एकत्र बांधलेले नाहीत.

कुनिओला मग कंपनीने मिळेल त्या खेळात उतरवला. आधी डॉजबॉल, मग हा फुटबॉल. गोष्ट अशी की शाळेच्या फुटबॉल संघाला माणसं कमी पडतात आणि संघाची मॅनेजर मिसाको डॉजबॉलवाल्यांना बोलावून आणते. म्हणून ते विचित्र नाव.

परदेशी पाठवताना जपानी शाळांचं भांडण कुणाला कळणार, म्हणून शाळांच्या जागी १३ देश आले आणि खेळ झाला 'निन्टेन्डो वर्ल्ड कप'. इटलीतला विश्वचषक त्याच वर्षी होता, त्यामुळे मुहूर्तही साधला. गंमत म्हणजे त्या १३ देशांत फ्रान्स, मेक्सिको आणि जपान आहेत. इटलीत तिघेही नव्हते. फ्रान्स पात्रच ठरला नाही. मेक्सिकोवर बंदी होती, युवा स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू खेळवल्याबद्दल. आणि जपानने पहिला विश्वचषक खेळला तो थेट १९९८ मध्ये. आपल्याकडे कॅसेटमधून आला तो हा देशांचा अवतार. तुमच्या संचात आहे तो मूळ जपानी, भाषांतर करून दिलेला.


सदाशिवपेठी
रविवार, सकाळी ९:०२

माहिती उत्तम. पण ज्यात फाउल नाही, ऑफसाइड नाही, रेफरी नाही, त्याला फुटबॉल का म्हणायचं? या हिशोबाने कॅरमच्या सोंगट्या एकमेकांना फेकून मारल्या तरी तो कॅरमच.

दुर्लक्षित आणि झटपट फुटबॉलच हवा असेल तर 'सेन्सिबल सॉकर' घ्या. १९९२ चा, मूळ अमिगा या जुन्या संगणकावरचा. वरून दिसणारं मैदान, मुंगीएवढी माणसं, एकच बटण. चेंडू पायातून सुटल्यावरही जॉयस्टिकची काडी वळवली की त्याला हवेत वळण देता येतं. कोपऱ्यावरून आत वळणारा चेंडू बसला की जे समाधान मिळतं ते तुमच्या धडकाधडकीत नाही. आणि त्यात पंच आहे. कार्डही दाखवतो.

हलके घ्या. (पण घ्याच.)


रंकाळा_कट्टा
रविवार, सकाळी ९:३०

पंच हवाय व्हय पेठेला! मर्दा, पंच असला म्हणून कोण ऐकतंय त्याचं?

सातपूर भावा, धागा नाद खुळा. आणि ते डॉजबॉलवाले फुटबॉल कसं काय खेळायलेत म्हणून तुम्ही हसताय, आम्हाला त्यात काय बी नवल वाटलं न्हाई. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच हाईत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीची, लाल मातीची. आणि त्याच तालमीचं नाव छातीवर लावून पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळत्यात. पैलवानाच्या घरात फुटबॉल वाढला तिथं डॉजबॉलचं काय घेऊन बसलाय.

आणि शाळा विरुद्ध शाळा म्हणजे आमचं पेठ विरुद्ध पेठच की. त्यामुळं मला देशांपेक्षा हे जपानी शाळांचं लै पटलं. कॅमेरूनला हरवून मला काय मिळणार? शेजारच्या पेठेला हरवलं तर वर्षभर चहाच्या गाड्यावर मान वर करून उभं राहता येतंय.

प्रश्न एकच. तो चेंडू पेटवून मारत्यात तो शॉट कसा मारायचा? मला लहानपणी कधी जमला न्हाई. भाऊ मारायचा आणि सांगायचा न्हाई.


सातपूर_एक्सप्रेस
रविवार, सकाळी १०:१०

@रंकाळा_कट्टा, तालमीचं डोक्यात आलंच नव्हतं. मान गये.

सुपर शॉटचं सांगतो. दोन रस्ते आहेत. एक, चेंडू घेऊन ठराविक पावलं सरळ धावायचं आणि बरोबर त्या पावलाला मारायचं. आधी मारला तर साधा, उशीर झाला तर साधा. दुसरा, जोडीदाराला उंच पास द्यायला लावून हवेतच उलटी लाथ किंवा झेपावून हेडर. दुसरा दिसायला भारी, पण मला दहातून दोनदा जमतो. एकदा बसला की वाटेत येईल तो उडतो, गोलकीपर चेंडूसकट जाळ्यात.

आणि ते शॉट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात हं. सुरुवातीलाच उडवले की शेवटच्या मिनिटाला हात चोळत बसावं लागतं. खेळाचं अर्धं डोकं इथे आहे, जे लहानपणी माझ्याकडे नव्हतं. तुमच्या भावाकडे असावं.

@सदाशिवपेठी, सेन्सिबल सॉकर मलाही आवडतो. पण त्यात मी देव असतो. वरून बघतो आणि सगळ्यांना हलवतो.


प्राजक्ता_दुसरा_कंट्रोलर
रविवार, दुपारी १२:४५

माझं सदस्यनाम वाचून कळलंच असेल. 😀

आमच्या घरी पहिला कंट्रोलर दादाचा. दुसरा माझा, ज्याला स्टार्टचं बटणसुद्धा नव्हतं. म्हणजे खेळ सुरू करायचाही अधिकार नाही आणि थांबवायचाही. पाणी प्यायला जायचं तरी दादाला विचारून. बाकीच्या खेळांत दुसरा कंट्रोलर म्हणजे 'तू थांब, माझा माणूस मेला की तू'. पण या फुटबॉलमध्ये आम्ही दोघं एकाच संघातून खेळायचो. माझ्या आठवणीत तो पहिला खेळ, ज्यात मी 'थांब' नव्हते.

आणि धागाकर्त्यांनी हाक मारण्याचं लिहिलंय ना, तर आमच्याकडे हाक मारून उपयोग नव्हता. दादा पास देणारा माणूसच नव्हे. मग मी माझी पद्धत काढली. चेंडूच्या वाटेला जायचंच नाही. समोरच्या संघातला एकेक माणूस शोधायचा, घसरून पाडायचा, उठला की पुन्हा पाडायचा. दुसरा हाफ अर्ध्यावर येईपर्यंत समोर गोलकीपर आणि एखादा भांबावलेला बचावपटू उरलेला असायचा. मग दादा रमतगमत जाऊन गोल मारायचा. गोल दादाचा, कप दादाचा, 'बघ कसा मारला' हेही दादाचंच.

परवा भाऊबीजेला हा विषय निघाला. तो म्हणतो, 'तू काय करायचीस ते मला आठवतच नाही, तू नुसती पळत असायचीस.'


मडगांवचो_पात्रांव
रविवार, दुपारी १:२०

प्राजक्ता, देव बरें करूं. तू म्हणजे खरी डिफेंडर.

गोंयात भात कापून झालं की शेतंच मैदानं होतात. खाली कापलेल्या भाताचे खुंट, वरून उन्हाळा. चेंडू कुठे उसळेल त्याचा नेम नाही. या खेळात मैदानं वेगवेगळी असतात, माती, वाळू, बर्फ, त्याचं मला लहानपणी अजिबात आश्चर्य वाटलं नाही. हिरवंगार सपाट गवत फक्त टीव्हीत असतं असंच वाटायचं.


कट्ट्यावरचा_बंड्या
रविवार, दुपारी २:०५

अरे पण मग 'गोल ३' कुठला? वीज पडायची मैदानात, वावटळ यायची, माणसं उडायची. तो हाच की वेगळा? आमच्याकडे तो नंतरच्या कॅसेटमध्ये होता आणि त्याच्यावर आम्ही एक अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली आहे. दहावीची.


जुनाट_चिप
रविवार, दुपारी ३:३०

@कट्ट्यावरचा_बंड्या, तो याचाच पुढचा भाग. मूळ नाव 'कुनिओ-कुन नो नेक्केत्सु सॉकर लीग', १९९३, पुन्हा फॅमिकॉमवरच. 'नेक्केत्सु' म्हणजे गरम रक्ताचा. (कोल्हापूरकरांनी इथे तांबड्या रश्श्याचा विषय काढू नये.) तो कधी अधिकृतपणे जपानबाहेर आलाच नाही. जेलेको नावाच्या दुसऱ्याच कंपनीचे 'गोल!' आणि 'गोल! टू' असे दोन फुटबॉल आधी बाजारात होते, त्यांच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. पण कॅसेट छापणाऱ्यांनी याच्यावर 'गोल ३' लिहून टाकलं आणि अर्ध्या जगाने तो त्याच नावाने ओळखला. चोरांनी केलेलं बारसं टिकलं. तोही धागाकर्त्यांच्या संचात आहे, यादीत जरा बघा.

थोडं अवांतर. गर्दी झाली की माणसं लुकलुकायची, अर्धी गायब व्हायची, आठवतंय? आम्ही कॅसेट काढून फुंकायचो, पट्ट्या खोडरबराने पुसायचो. कॅसेटचा काही दोष नव्हता. ते यंत्र पडद्यावरच्या एका आडव्या ओळीत हलणाऱ्या चित्रांचे फक्त ८ तुकडे दाखवू शकतं. हा गडी १६ ठिपके रुंद, म्हणजे एका ओळीत त्याचे दोन तुकडे. चार जण एका रेषेत आले की कोटा संपला. पाचवा आला की यंत्र एकदा याला दाखवतं, एकदा त्याला, आणि आपल्याला सगळेच लुकलुकताना दिसतात. १.७९ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २ किलोबाइट मेमरी. त्यात १२ माणसं, प्रत्येकाची शिल्लक ताकद, चेंडू आणि त्या जोडीदारांचं जे काही डोकं आहे ते. मला तर आज हे लुकलुकणं बघितलं की मायाच येते.

टेक्नोस जपान १९९६ मध्ये बंद पडली. कुनिओ आणि डबल ड्रॅगनचे हक्क २०१५ मध्ये आर्क सिस्टिम वर्क्सकडे गेले, म्हणून हा संच निघू शकला.


श्टुटगार्टकर
रविवार, संध्याकाळी ७:१०

इथे जर्मनीत जुन्या बाजारात हा खेळ अजून दिसतो, पण एकटा नाही. युरोपात निन्टेन्डोच्या यंत्रासोबत एक तीन-खेळी कार्ट्रिज यायचं: सुपर मारिओ ब्रदर्स, टेट्रिस आणि निन्टेन्डो वर्ल्ड कप. आता मारिओ आणि टेट्रिसच्या पंगतीला बसवल्यावर तिसऱ्याकडे कोण बघणार? ऑफिसातल्या माझ्या वयाच्या एकाला विचारलं तर म्हणाला, 'हो, होता, पण तो खेळ नव्हे, तो यंत्रासोबतच आलेला.' जणू चार्जरच.

मग त्याला म्हटलं, चौघांनी मिळून खेळलायस का? त्या काळी चार कंट्रोलर लावायचा एक जोडडबा मिळायचा, त्यावर हा खेळ चौघांना खेळता येतो. त्याच्या तळघरात तो डबा निघाला. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या घरी दोन जर्मन, एक तुर्की आणि मी, असे बसलो. अडीच तास. पश्चिम जर्मनी हा देश आता नकाशावर नाही, त्यामुळे 'हा कुणाचा संघ' यावरच पहिली वीस मिनिटं गेली. शेजारची आजी एकदा बेल वाजवून गेली. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकणंही गुन्हा असल्यासारखं बघतात, आणि आम्ही चार भाषांत 'पास दे' ओरडत होतो.


सदाशिवपेठी
सोमवार, रात्री १०:५०

भाच्याकडे तो संच निघाला. निव्वळ टीका अभ्यासपूर्ण व्हावी म्हणून चार सामने खेळलो.

पहिले तीन हरलो. तिसऱ्यात माझा कुनिओ स्वतःच मैदानात आडवा पडला आणि उरलेला वेळ मी दिवाणखान्यात बसून नुसत्या आज्ञा सोडत होतो, 'पास दे', 'मार', 'अरे मार!'. घरातून विचारणा झाली की फोनवर कोण आहे.

सामन्याच्या आधी जोडीदारांना सूचना देता येतात हे धाग्यात कुणी लिहिलंच नाही, म्हणून लिहितो. धडका मारायच्या की जपून राहायचं, पास द्यायचे की घेऊन पळायचं, गोलकीपरने पुढे यायचं की जागेवर थांबायचं, सगळं ठरवता येतं. गोलकीपरला 'जागेवर थांब' सांगितल्यावर चौथा सामना २-१ ने जिंकलो. आधीचे तिन्ही पराभव त्याच्या भटकंतीमुळे होते असं माझं प्रामाणिक मत आहे.

हा फुटबॉल नाही, यावर मी ठाम आहे. उद्या पाचवा सामना.


रंकाळा_कट्टा
सोमवार, रात्री ११:०५

पेठ पडली रे!! 😂😂


सातपूर_एक्सप्रेस
मंगळवार, रात्री ९:२५

@सदाशिवपेठी, गोलकीपरची सूचना मला माहीतच नव्हती. माझा पठ्ठ्या कायम मैदानाच्या मध्यावर फिरायला निघालेला असायचा आणि मला वाटायचं खेळच तसा आहे.

काल बायकोचा भाचा आला होता, आठवीतला. तो फुटबॉलचे आजचे खेळ खेळणारा. त्याने आधी पडदा बघून 'हे काय लोड झालं नाहीये का' असं विचारलं. पहिल्या सामन्यात चेंडू दुसऱ्याकडे गेला की तो बटणं बडवायचा. 'माझा माणूस बदलत का नाहीये?' म्हटलं, बदलत नाही, तो एकच तू आहेस. जरा गप्प झाला. मग मी सांगायच्या आत त्याने समोरच्याला पाडलं, आणि गालात हसला.

साडेदहाला त्याची आई न्यायला आली तेव्हा आम्ही दोघं उभे राहून एका आडदांड शाळेविरुद्ध बरोबरीत होतो. तो मला ओरडत होता, 'काका टाका ना, टाका!'. मी टाकला नाही. गोल समोर दिसत होता. पावलं मोजत होतो, एक पाऊल चुकलं, चेंडू साधाच गेला आणि गोलकीपरने पोटाशी धरला. पोरगा काही बोलला नाही, पण चपला घालताना माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवारी पुन्हा येतोय. @जुनाट_चिप, यादीत 'गोल ३' सापडला, तो तेव्हा लावणार. @रंकाळा_कट्टा, नाशकात कधी येणं झालं तर कळवा. @प्राजक्ता_दुसरा_कंट्रोलर, तुम्ही नाशिकच्याच ना? समोरची टीम झोपवायला माणूस हवाय.


प्राजक्ता_दुसरा_कंट्रोलर
मंगळवार, रात्री ९:४१

येते. पण पहिला कंट्रोलर माझा, हे आत्ताच सांगून ठेवते. पाडापाडी या वेळी तुम्ही करा.